आजोबांचे खवले

सायकलची घंटी वाजली, ट्रिंग ट्रिंग, आणि तळ्याभोवती जमलेली शे-दोनशे माणसं एकदम गप्प झाली. एक पोर तेवढं रडत होतं, तर त्याच्या आईने चटकन त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठून हे तळं झालं होतं. खाणीत उतरायच्या जुन्या पायऱ्या थेट पाण्यात गेल्या होत्या आणि पाण्याशेजारच्या पायरीवर खवलेमहाराज उभे होते. एका हातात सायकलची घंटी, अंगात पायघोळ पिवळा झगा. झग्याच्या बाह्या एवढ्या ऐसपैस, की एकेका बाहीत एकेक शिष्य आरामात झोपला असता.

"आले! आजोबा आले!" कोणीतरी किंचाळलं.

हिरव्या पाण्याखालून माणसाएवढी लांब काळी सावली वर आली. रुंद, चपटं डोकं पाण्याबाहेर निघालं. इवलेसे डोळे, या कानापासून त्या कानापर्यंत म्हणावं तर कानच नाहीत, असं भलंमोठं तोंड आणि त्या तोंडाभोवती लांबलचक मिशा. आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गर्दीचंही तसंच झालं होतं.

"लेकरांनो, याला मासा म्हणू नका!" महाराजांनी आवाज लावला. "आठशे वर्षांचे आजोबा आहेत हे! तुमच्या पणजोबांचे पणजोबा लंगोटीत फिरत होते, तेव्हापासून आजोबा याच पाण्यात ध्यानाला बसलेत."

खाण खणली त्याला पन्नास वर्षंही झाली नव्हती. गर्दीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी तर ती स्वतःच्या हाताने खणली होती. पण तेही माना डोलावत होते, कारण अशा वेळी हिशेब करत बसणारा माणूस लोकांना आवडत नाही.

"आजोबा, या लेकराचा गुडघा दुखतो. द्या!" महाराजांनी दोन्ही तळवे लोकांना दाखवले. रिकामे. मग उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि हात वर काढला. दोन बोटांत नाण्याएवढा, गोल, चकचकीत खवला!

गुडघेवाला धन्य झाला. तो खाली येताना लंगडत होता आणि वर जातानाही लंगडत होता, पण वर जाताना हसत लंगडत होता.

गर्दीच्या मागच्या टोकाला चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या. शाळेत त्या मुलांना चित्रकला शिकवायच्या. इथे त्या स्वतःच्या हौसेने आल्या नव्हत्या. सासूबाईंना हात धरून आणावं लागलं होतं, आणि सासूबाई आता पुढच्या रांगेत घुसून सगळ्यांना दिसेल अशा बेताने गळ्यातली कापडी पिशवी कुरवाळत होत्या. त्या पिशवीत त्यांचा खवला होता.

सासूबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. नोकरी संपली, एक्स्चेंजही बंद झालं, पण आवाज काही खाली आला नाही. घरात त्या मीठ मागायच्या तेव्हा शेजारच्या घरातून मीठ यायचं.

आणि या सासूबाईंना काचबिंदू झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "आजी, डोळ्यातला दाब वाढलाय. दुखणार नाही, कळणारही नाही, पण कडेकडेने नजर जात राहील. गेलेली परत येत नाही. रोज झोपताना हा थेंब. एक दिवसही चुकवायचा नाही."

सासूबाईंनी महिनाभर थेंब घातले. मग खवला मिळाला. आता रोज संध्याकाळी त्या खुर्चीत मान मागे टाकून डाव्या डोळ्याच्या पापणीवर खवला ठेवायच्या आणि थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी गारठत पडायची. बाईंनी ती एकदा उचलून पाहिली, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिली. पातळी जराही खाली गेली नव्हती.

"आई, अहो थेंब?"

"थेंबांनी चुरचुरतं. खवल्याने गार वाटतं."

"गार तर काकडीनेही वाटेल."

"काकडी आठशे वर्षांची नसते!" सासूबाईंनी लाइन कापली.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं.

त्याच आठवड्यात भक्तसमितीचे सेक्रेटरी घरी आले. एरवी त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे ते भक्तीबद्दलही नळाच्या तोट्या विकल्यासारखे बोलायचे. "बाई, तळ्याच्या कमानीवर लावायला आजोबांचं मोठ्ठं चित्र पाहिजे. बारा बाय आठ. पक्का ऑइलपेंट. सध्याच्या बॅनरवर छापखान्यावाल्याने कुठला तरी सोनेरी मासा टाकलाय, तो काही आजोबांसारखा दिसत नाही. आणि फोटो काढायला महाराजांची बंदी आहे. आजोबांना फ्लॅश सोसत नाही."

बाई नाहीच म्हणणार होत्या, पण सासूबाईंनी आतूनच होकार कळवून टाकला. "काढेल ती! आणि हुबेहूब काढेल. नवीन लग्न झालं तेव्हा माझं चित्र काढलं होतं हिने. सगळ्या पाहुण्यांसमोर उघडलं, तर हनुवटीवरचा मससुद्धा सोडला नव्हता मेलीने!"

बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नवऱ्याच्या सायकलवरून तळ्याकडे गेल्या. महाराजांची दुपारची झोप चालू होती, तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. पायऱ्यांच्या तोंडाशी एक कुत्रं आडवं पसरलं होतं. बाईंनी घंटी वाजवली. कुत्रं ढिम्म हललं नाही.

आजोबा मात्र आले! खाली पाण्यात भलंमोठं डोकं वर निघालं आणि तोंड उघडून वाट पाहू लागलं.

बाई थक्क झाल्या. त्यांनी पुन्हा घंटी वाजवली. आजोबा आणखी जवळ आले. बाईंच्या ठायी कुठलीही सिद्धी नव्हती, हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं. मग त्यांना आपला वर्ग आठवला. मधल्या सुट्टीची घंटा झाली की चाळीस पोरं डबे घेऊन अशीच तोंडं उघडायची. त्यांनी हसत पिशवीतली पोळी काढून तुकडा टाकला. आजोबांनी मिशांनी तो चाचपला, नापसंतीने सोडून दिला आणि तरीही आशेने तिथेच थांबले.

एवढा शहाणा मॉडेल बाईंना आजवर मिळाला नव्हता. त्यांनी तासभर बसून चित्र काढलं. वरून दाबल्यासारखं डोकं. वरच्या जबड्याला दोन लांब मिशा, हनुवटीखाली चार आखूड. पाठीवर एकच छोटासा पर, शरीराच्या मानाने अगदीच केविलवाणा. पोटाखाली मात्र झालरीसारखा एक लांब पर, थेट शेपटीपर्यंत गेलेला. शेवटी अंगभर एकात एक गुंतवलेले खवले, टपोरे, सुबक. चित्र पाहून बाईंना स्वतःचाच अभिमान वाटला.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते चित्र जीवशास्त्राच्या सरांपुढे ठेवलं. सर चांगले होते, फक्त बोलायला लागले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. सरांनी चष्मा वर केला.

"अरे वा! मिशा, चपटं डोकं, बारीक डोळे, पाठीवरचा पर एवढासा, पोटाखालचा एवढा लांब. हा तर कॅटफिश आहे, बाई. गोड्या पाण्यातला मोठा मासा. कोणीतरी पिल्लू असताना सोडलं असेल, खाऊन खाऊन झालाय एवढा. त्या मिशा आहेत ना, त्यांनी तो चव घेतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? मांसाचा वास आला की—" सर अचानक थांबले. ते मधेच थांबणं एवढं नवलाचं होतं, की इतिहासाच्या बाईंनीही वह्या तपासणं थांबवलं. "पण हे खवले?"

"त्यांचं काय?"

"तुम्ही ते दिसले म्हणून काढलेत, की माशाला असतात म्हणून?"

बाईंचा चेहरा पडला. मुलांना त्या वर्षभर ओरडायच्या, 'जे दिसतं ते काढा रे, जे माहीत आहे ते नको.' आणि त्यांना तर आता आठवतच नव्हतं, की खवले दिसले होते का.

"का हो? या माशाला खवले नसतात?"

"एकही नाही," सर म्हणाले. "कातडी गुळगुळीत, वर बुळबुळीत चिकटा. हीच तर ओळखायची खूण."

"मग महाराज काय वाटतात?"

सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत खवला होता.

"सर! तुम्हीसुद्धा?"

"बायकोने दिलाय," सर कानापर्यंत लाल झाले. "केसांसाठी. मी नुसता खिशात ठेवतो, घरात वाद नको म्हणून. कधी उघडून पाहिलाच नाही हो." त्यांनी कपाटातून भिंग काढलं आणि खवला खिडकीशी धरला. बघता बघता सरांमधला नवरा मागे पडला आणि शिक्षक पुढे आला. "झाडाच्या बुंध्यात कशी वर्षावर्षाची वलयं असतात, तशी खवल्यातही असतात. पाहा. एक, दोन, तीन. हा मासा तीन वर्षांचा होता. बाजारात ढिगाने मिळणारा, साधा, खवल्यांचा."

"आठशे वर्षांच्या आजोबांचा खवला तीन वर्षांचा?"

"शिवाय दुसऱ्याच माशाचा," सर म्हणाले आणि पुडी केराच्या टोपलीत टाकली. मग वाकून पुन्हा उचलली. "बायको विचारेल."

बाई तशाच तळ्यावर गेल्या. घंटी वाजवली, आजोबा आले, आणि बाईंनी धीर करून पाण्यात हात घातला. आजोबा हाताखालून सावकाश सरकत गेले. डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठेही काही टोचलं नाही, अडलं नाही. भिजल्या साबणावरून हात फिरवावा तसं ते अंग होतं. बाईंनी फ्रॉकमधल्या पोरीसारखा हात साडीला पुसला आणि खोडरबर काढलं.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, हेच विशेष होतं.

"तू पाहिल्याशिवाय काढत नाहीस, हे मला कबूल," त्या म्हणाल्या. "पण महाराज पाहिल्याशिवाय बोलतात का? आता चित्र लागेल ना, तेव्हा मी त्यांनाच विचारते. तसाही उजव्या डोळ्यासाठी एक खवला घ्यायचाच आहे."

"तोवर थेंब तरी घाला, आई."

"रांगेत आहात, कृपया वाट पाहा," सासूबाई म्हणाल्या आणि पापणीवर खवला ठेवला.

बाईंना त्या दिवशी खरंच रडू आलं. एक्स्चेंज चालवलेली ही म्हातारी, जिने शेकडो माणसांचे खोटे निरोप आवाजावरून ओळखले होते, ती एका पिवळ्या झग्यावर नजर उधळून टाकत होती, आणि ती नजर रोज थोडी थोडी जात होती.

चित्राचा पडदा उघडायच्या दिवशी तळ्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरींनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. बारा बाय आठ फुटांवर आजोबा झळकले. काळे, तुकतुकीत, मिशाळ. आणि अंगावर औषधालाही खवला नाही.

मग सेक्रेटरींनी घसा खाकरला. "बाई, काम अर्धवट दिसतंय. खवले बसवायचे राहिले."

"मूळ मालातच नाहीत," बाई म्हणाल्या.

कुजबुज सुरू झाली. लोक चित्राकडे पाहत, मग पाण्याकडे. कित्येक महिने रोज दर्शनाला येणाऱ्या माणसांनी त्या दिवशी पहिल्यांदा आजोबांकडे नीट निरखून पाहिलं. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांनी संधी साधून "मुळात माशांचे दोन प्रकार—" अशी सुरुवात केली, पण त्यांच्या बायकोने त्यांना खाली बसवलं.

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. डोळ्यांत पाणी आणलं. गळा दाटून आणला.

"पाहिलंत, लेकरांनो? पाहिलंत आजोबांचं मन? एके काळी अंगभर खवले होते! एकेक करून सगळे तुम्हाला देऊन टाकले. उघडे पडले आजोबा, पण तुमचे गुडघे झाकले!"

"धन्य! धन्य!" गर्दीने एकच गलका केला. एका काकूंना तर हुंदकाच फुटला. सेक्रेटरींनी रुमाल काढला. डाव साफ उलटला होता.

तेवढ्यात तो आवाज आला. पलीकडच्या कड्यावर बसलेली कबुतरं भर्रकन उडाली.

"सगळे दिले?" सासूबाई रांगेतून विचारत होत्या. "मग मला आता काय देणार? सकाळपासून उभी आहे मी!"

मागची रांगही जागी झाली. "हो, आम्हाला काय?" "माझ्या पाठीचं काय?" "कालच का नाही सांगितलं?"

महाराजांना घाम फुटला. "आहे, आहे! पोटाखाली थोडे शिल्लक आहेत. या आजी, पुढे या. द्या आजोबा, या माउलीच्या डोळ्यासाठी!" त्यांनी घाईघाईने तळवे दाखवले आणि हात पाण्यात घालायला वाकले.

"होल्ड करा," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर हा शब्द ऐकल्यावर जसे सगळे थांबायचे, तसे महाराजही थांबले. "आधी हात पुसा."

"हात? कशाला, माउली?"

"ओला आहे. पाण्यात घालायच्या आधीच ओला कसा?"

सासूबाईंची कडेची नजर अंधुक झाली होती, पण समोरचं त्यांना अजून लख्ख दिसत होतं. त्यांनी महाराजांचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने पदर घेतला आणि पोराचं नाक पुसावं तसा महाराजांच्या पंजाचा मागचा भाग खसाखसा पुसला. पदरावर काहीतरी चमकलं. ओल्या कातडीला चिकटला होता, पाण्यासारखाच पारदर्शक, म्हणून कोणाला दिसत नव्हता. तो खवला होता.

"हा बाहेरच कसा आला?" सासूबाईंनी विचारलं.

"चमत्कार!" महाराज म्हणाले, पण त्यांच्या आवाजात पूर्वीचा दम नव्हता. मनगट सोडवून घ्यायला त्यांनी जोराचा हिसका दिला, तोल गेला आणि डावी बाही पाण्याला लागली.

त्या बाहीच्या आतल्या खिशात बकऱ्याच्या काळजाचे तुकडे बांधून ठेवलेले होते. घंटीने आजोबा यायचे आणि त्या वासावर महाराजांसमोर थांबायचे. आजवर आजोबांना रोज एकेक तुकडा मिळायचा. आज सगळं ताटच समोर आलं होतं. आजोबांनी मिशांनी बाही चाचपली, खात्री करून घेतली आणि तोंड उघडून कोपरापर्यंतची बाही आत घेतली.

"सोड! अरे सोड ना!" महाराज ओरडले. आठशे वर्षांच्या आजोबांना त्यांनी पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती.

आजोबांनी मान वळवली आणि ते आपल्या वाटेने निघाले. महाराज त्यांच्या मागोमाग गेले. मोठा धपका झाला. पाणी कमरेएवढंच होतं, पण महाराजांनी त्यातही चांगल्या चार गटांगळ्या खाल्ल्या. आणि उजव्या बाहीतून पाण्यावर खवले पसरले. एक नाही, दोन नाही, शेकडो. चमचम करत तळ्याचा तो कोपरा भरून गेला, आणि त्या खवल्यांच्या मधून आजोबा, काळे कुळकुळीत, अंगाने साफ गुळगुळीत, काळीज चघळत निघून गेले.

गर्दीतून मासळी विकणाऱ्या मावशी पुढे आल्या. त्यांनी एक खवला उचलून पाहिला. "हे माझ्या दुकानातले! रोज सकाळी पिशवी भरून न्यायचा हा. मला म्हणाला, कुंड्यांना खत घालतो!"

आधी एक जण हसला. मग सगळे हसले. एक काका तेवढे वाकून तरंगते खवले गोळा करत होते, त्यांना बायकोने दंडाला धरून वर काढलं. महाराज पलीकडच्या काठाने निथळत बाहेर आले आणि झगा वर धरून त्यांनी जी धूम ठोकली, ती पाहता त्यांच्या गुडघ्यांना कधीच कसलं औषध लागलं नसावं.

हसून हसून लोक घरी गेले. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा झाकून तपासलं. एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात सासूबाईंनी डोकं घातलं, दिवा दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला बटण पटापट वाजलं. डाव्या डोळ्याला बराच वेळ खोलीत शांतता होती. बाई मुठी आवळून उभ्या होत्या, कारण दिवे लागत होते, त्यांना ते दिसत होते.

"डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती परत यायची नाही. उरलेली आपण राखू शकतो. उजवा डोळा चांगला आहे. पण थेंब?"

"घालीन," सासूबाई म्हणाल्या. तेवढाच शब्द, तोही हळू. बाईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस पेशंट बसले होते. त्यांतल्या दोघा-तिघांच्या गळ्यात अजून कापडी पिशव्या होत्या. तळ्यावरची बातमी सगळ्यांना कळली होती, तरीही होत्या. 'असू दे, नुकसान तर काही नाही ना,' असं म्हणून माणूस ठेवतो तशा. सासूबाई दारात थांबल्या आणि त्यांचा आवाज परत आला.

"ऐका! खवल्याने माझा डोळा गेला नाही. खवला बिचारा काय करणार, तो माशाचा! मला बरं वाटतंय असं वाटत होतं, म्हणून मी औषध सोडलं, आणि त्यात माझा डोळा गेला. मी शहाणी बाई. कोणी फोनवर खोटं बोललं तर मला श्वासावरून कळायचं. आणि या माणसाचा हात ओला आहे, हे बघायला मला एवढे महिने लागले, कारण मला बघायचंच नव्हतं. तुम्ही बघा. आत्ता बघा. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला दहा प्रश्न विचारा. खरा असेल तर तो रागावणार नाही, आणि रागावला तर तुम्हाला उत्तर मिळालं. लाज वाटते म्हणून गप्प बसू नका. मला आज जेवढी लाज वाटतेय, त्यापेक्षा प्रश्न विचारायची लाज फार कमी असते."

कोपऱ्यातल्या एका आजोबांनी गळ्यातली पिशवी काढली, हातात धरून थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग आपला नंबर आल्यावर आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मीपण थेंब सोडले होते. आता परत कधीपासून घालू?"

"आजपासून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.